बार्टली फोलनची एकमेव लढत

साउथ बोस्टनमधल्या बॉक्सिंग क्लबची जुनी जागा विकली गेली आणि क्लब चर्चमागच्या हॉलमध्ये आला, त्या हिवाळ्यात कॉलमन फोलनने वडिलांचा फोटो कपाटातून बाहेर काढला. नव्या हॉलची एक अख्खी भिंत वस्तीतल्या जुन्या बॉक्सरांसाठी राखून ठेवली होती. त्या भिंतीवर कॉलमनला आपले वडील हवे होते.

हे खरं म्हणजे त्याच्या बायकोच्या, डेलियाच्या, डोक्यातलं काम. कॉलमनचे वडील, बार्टली फोलन, शेवटची काही वर्षं त्या दोघांकडेच राहिले आणि तिथेच गेले. त्यांची बॅग डेलियाने आवरली. तळाशी हा फोटो निघाला. विशीतला बार्टली, अंगात बनियन नाही, हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी.

"तुझे वडील बॉक्सर होते आणि तुला पत्ता नाही?" डेलियाने विचारलं होतं.

कॉलमनला खरंच पत्ता नव्हता. टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की वडील उठून मागच्या दारी जाऊन उभे राहत, एवढंच त्याला आठवत होतं. त्यांना ते आवडत नसेल, असं घरात सगळे समजून होते. डेलिया म्हणत राहिली, शोध काढ. कॉलमन म्हणत राहिला, बघू. मग ऑक्टोबरमध्ये डेलिया गेली. गॅस कंपनीतली पाइप जोडायची नोकरी संपून कॉलमनला दोन हिवाळे झाले होते. मुलगा दूर टेक्सासला. सकाळी उठल्यावर दुपारपर्यंत काय करायचं, हा प्रश्न रोजचाच होता. फोटो कागदात गुंडाळून तो क्लबवर गेला.

क्लबचा सेक्रेटरी जेरी हॅनिफिन हा कॉलमनचा शाळेपासूनचा सोबती. तो शिडीवर चढून भिंत मोजत होता.

"आलास? तुलाही बाप टांगायचाय वाटतं," जेरी वरूनच म्हणाला.

"हो."

"सगळ्यांनाच टांगायचाय. ज्याच्या बापाचं नाक वाकडं होतं तो प्रत्येक जण फोटो घेऊन येतोय. निम्मी नाकं दारू पिऊन जिन्यावर आपटलेली."

"आमच्या वडलांचं नाक सरळ होतं."

"मग तो एक तर फार चांगला असेल, नाहीतर कधी लढलाच नसेल." जेरी खाली उतरला, फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. "अंगाने बरा आहे. पण लेका, फोटो काय, ग्लोव्हज घालून कुणीही काढून घेईल. साक्षीदार कोण?"

क्लबचा नियम जुना होता. त्या काळी आयांना कळू नये आणि पाद्र्याने रविवारी नाव घेऊन झोडपू नये म्हणून निम्मी पोरं दुसऱ्याच नावाने रिंगणात उतरत. एका घरातले तिघे भाऊ एकच नाव आळीपाळीने वापरून लढल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे वर्तमानपत्रातली कात्रणं क्लब धरत नसे. जिवंत माणसाने रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की याला मी रिंगणात पाहिलं, आणि हे हे पाहिलं.

"बिशपची चिठ्ठी आणलीस तरी चालायची नाही," जेरी म्हणाला. "माणूस आण. आणि या रविवारी आण, सोमवारी काचा बसवणारे येणार आहेत."

कॉलमन न्हाव्याकडे गेला, मग गोदी कामगारांच्या संघटनेच्या जागेत जाऊन बसला. बार्टली फोलन म्हटल्यावर म्हातारी माणसं चांगलं बोलत. सरळ माणूस, कामाला वाघ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बॉक्सिंगचं विचारलं की त्यांना घरी काहीतरी काम आठवे. न्हाव्याने तर अर्धी मान बाकी असताना कॉलमनच्या अंगावरचं कापड झटकलं.

शेवटी तो नोरा कॉनकॅननकडे गेला. ही बाई वडिलांच्याच मुलखातली, आयर्लंडमधल्या कॉनेमाराची, आणि त्यांच्याच बोटीने आलेली. नव्वदीला टेकली होती. तिने फोटो हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला.

"तुझा बाप देवमाणूस होता. त्याला भिंतीवर कशाला टांगतोस?"

"बाकीचे आहेतच की, नोराआजी."

"बाकीच्यांना हौस होती." तिने फोटोवरून नजर काढून कॉलमनकडे पाहिलं. "डेलियाचं डोकं दिसतंय हे. ती ऐकणारी नव्हतीच."

"नव्हती."

"मॅटी ट्वोमीकडे जा. ते पाहिलेला आता तोच उरलाय. पण आधी त्याच्या लेकीला फोन कर. एकदम दारात जाऊन उभा राहू नकोस."

मॅटी ट्वोमीला कॉलमन पाहून ओळखत होता. त्याचा डावा डोळा पांढरा होता. लहानपणी सगळी मुलं सांगत, की तो डोळा कोरियाच्या लढाईत गेला. त्याच्याशी कॉलमन आयुष्यात एकदाही बोलला नव्हता आणि याचं त्याला कधी नवलही वाटलं नव्हतं.

मॅटी लेकीकडे, युनिसकडे, राहत होता. गल्लीत बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या प्रत्येक जागेत, ती आपल्या गाडीसाठी अडवायला, कुणाची ना कुणाची खुर्ची ठेवलेली होती, म्हणून कॉलमनने गाडी लांब लावली आणि चालत गेला. युनिसने दार उघडलं.

"तुम्ही फोलन. बूट इथे काढा. बाबा जागे आहेत, आपलं नशीब."

"काय म्हणालीस?" आतून आवाज आला.

"चहा ठेवते म्हटलं."

मॅटी ट्वोमी खिडकीपाशी बसला होता. म्हातारा लहानखुरा झाला होता, पण खांदे अजून रुंद होते.

"या बाजूला बस," तो म्हणाला. "त्या बाजूला बसलास तर माणूस आहे का कपाट, मला कळत नाही."

कॉलमन उजवीकडे बसला आणि फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. मॅटीने तो बराच वेळ पाहिला.

"हाच. दोन्ही डोळ्यांनी मी धड पाहिलेला शेवटचा माणूस."

कॉलमनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "आम्हाला वाटायचं, कोरियात..."

"कोरियाचं माझ्या आईने उठवलं. मी कसला जातोय कोरियाला. एका डोळ्याच्या माणसाला कोण बंदूक देतो? तुझ्या बापाने सांगितलं नाही कधी?"

"नाही."

"हं. मला वाटलंच होतं. युनिस, ब्रेड पण आण. याला सगळं सांगायला वेळ लागणार."

युनिसने चहा आणि सोडा ब्रेड आणून ठेवला आणि ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्याने सांगितलं ते असं.

मॅटीला एक मोठा भाऊ होता, डॅन. गोदीत काम करायचा. मालाची जाळी वर चढत असताना दोर सुटला आणि डॅन खाली सापडून मेला. बायको होती, पोर व्हायचं होतं. असं झालं की वस्ती मदतीची संध्याकाळ करत असे. चर्चचा हॉल घ्यायचा, तिकिटं विकायची, बायकांनी सँडविच करायचे, कुणीतरी फिडल वाजवायचं आणि शेवटी बॉक्सिंगची एक लढत ठेवायची. लढतीत एका बाजूला मयताचा भाऊ किंवा मुलगा उतरायचा. दुसऱ्या बाजूला उतरेल त्याने तीन फेऱ्या त्याच्याभोवती नाचायचं, छातीवर, खांद्यावर हलके ठोसे द्यायचे-घ्यायचे. मग पंचाने दोघांचेही हात वर करायचे, आणि लोकांनी टाळ्या वाजवून रडून घ्यायचं.

"हे सगळ्यांना माहीत असायचं," मॅटी म्हणाला. "म्हणून ते कुणी कुणाला सांगायचं नाही. लग्नात नवऱ्या मुलीशी कुस्ती खेळायची नाही, हे कुणी सांगतं का?"

"आणि वडील?"

"तुझ्या बापाला येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. इंग्रजी यथातथाच. गोदीत काम डॅननेच लावून दिलं होतं, झोपायला जागासुद्धा आमच्या माळ्यावर. डॅनसाठी लढत आहे म्हटल्यावर हा स्वतःहून पुढे आला. आमचे सगळे खूश. केवढं मन पोराचं, म्हणाले." मॅटीने ब्रेडचा तुकडा चहात बुडवला. "पहिल्या फेरीत मला वाटलं, नवखा आहे, हात जड पडतोय. मी त्याला हळूच म्हटलं, सबुरीने घे. त्याला वाटलं असणार मी चिडवतोय. दुसऱ्या फेरीत त्याने मला जो धरला तो... नंतरचं मला फारसं आठवत नाही. इस्पितळात आठवतं."

कॉलमनने कप खाली ठेवला.

"हॉल चिडीचूप. तो मध्यभागी उभा, हात खाली सोडून. लोक टाळ्या का वाजवत नाहीत त्याला कळेना. मग तो डॅनच्या बायकोपुढे जाऊन गुडघ्यावर बसला. तिने तोंड फिरवलं. हे मला आईने सांगितलं."

"पण का? त्यांना..." कॉलमनने विचारलं.

"का ते मला नोरा कॉनकॅननने सांगितलं, कित्येक वर्षांनी. त्यांच्या गावाकडे तरणाताठा माणूस गेला की प्रेत घरात असतानाच बाहेर अंगणात पुरुष झोंबी धरतात. खरीखुरी, रक्त निघेपर्यंत. जितकं जोरात लढाल तितका मेलेल्याचा मान. हलक्या हाताने खेळलात तर त्याचा अर्थ, गेला तो गेला, आम्हाला त्याचं काही नाही." मॅटी खिडकीकडे बघत होता. "तुझा बाप डॅनला मान द्यायला आला होता. नाचायला आला नव्हता."

"त्यांना हे नंतर कुणी सांगितलं?"

"दुसऱ्या दिवशी सांगितलं असेल कुणीतरी, कारण तो आमच्या दाराशी आला. टोपी हातात. माझ्या बापाने दार उघडलं नाही. हा पायरीवर उभा, डोक्यावर पाऊस, दिवे लागेपर्यंत. मग गेला. गोदीचा धक्का बदलला त्याने. चर्चही सोडलं."

कॉलमनला चर्चचं आठवलं. लहानपणी रविवारी वडील त्याचा हात धरून जवळचं चर्च ओलांडून लांबच्या चर्चला नेत, बर्फातसुद्धा. तिथला पाद्री बरा बोलतो, म्हणत. कॉलमन मोठा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं, की तिथला पाद्री तोतरा होता.

"रस्त्यात दिसायचा," मॅटी पुढे म्हणाला. "मला बघितलं की पलीकडच्या फुटपाथला जायचा. पण कायम या बाजूच्या." त्याने आपल्या चांगल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "आंधळ्या बाजूने कधी गेला नाही. मी बघावं आणि वाटलं तर शिवी द्यावी, म्हणून असेल. सुरुवातीला मी दिल्या."

"तुम्ही त्यांना माफ केलंत?"

"माफी त्याने मागितलीच नाही परत. मागितली असती तर नसती केली. माझा डोळा आहे तो, काय छत्री आहे, गेली तर गेली म्हणायला?" म्हातारा खोकला, मग म्हणाला, "पण एक सांगतो. मी पुष्कळ वेळ इथे बसून असतो. त्या हॉलमध्ये डॅनसाठी खरं असं काही केलं ते त्या एकट्याने. बाकी सगळे सँडविच खात होते. मीसुद्धा नाचायलाच उतरलो होतो, माझ्या सख्ख्या भावासाठी."

दाराशी युनिसने हातातला रुमाल दुसऱ्या हातात घेतला.

कॉलमन ज्यासाठी आला होता ते आता विचारणं अवघड झालं होतं. तरी त्याने विचारलं. रविवारी क्लबवर येऊन सांगाल का?

"ते कुठेही येणार नाहीत," युनिस म्हणाली. "बाहेर पायरीवर बर्फ आहे. आणि हे सगळं पुन्हा उकरून काढायचं कारण काय? तुमच्या भिंतीसाठी?"

"युनिस, मला पाय आहेत. डोळा नाही, पाय आहेत." मॅटीने फोटो कॉलमनला परत दिला. "येईन. पण आलो तर सगळं सांगेन. अर्धं सांगून उरलेलं पोटात ठेवायला मी पाद्री नाही. मग पोरंटोरं विचारतील, हा कोण, तर लोक सांगतील, याने मदतीच्या संध्याकाळी मयताच्या भावाचा डोळा फोडला. ते तुला चालतंय का बघ. तुझ्या बापाने आयुष्य घालवलं तुला कळू नये म्हणून. फोन कर मला. नको असेल तरी कर, उगाच दाढी करून बसायला लावू नकोस."

कॉलमन घरी आला. फोटो त्याने स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. पुढचे दिवस तो जेवताना फोटो बाजूला सरकवायचा आणि जेवण झाल्यावर परत मध्ये आणायचा.

त्याला वाटलं होतं, वडील बोलत नसत ते नम्रपणामुळे. चांगला बॉक्सर असून बढाई नाही मारायची, अशातले. भिंतीवर तसे वडील लागणार होते. आता भिंतीवर लागणार ते दुसरेच. फोटो परत कपाटात ठेवला असता तर कुणी विचारलं नसतं. जेरी दोन टोमणे मारून गप्प बसला असता. पण मग ती गोष्ट मॅटी ट्वोमीबरोबर जाणार होती, त्यानंतर नोरा आणि बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर, आणि मग कॉलमन एकटाच ती सांभाळत बसणार होता, जशी वडिलांनी सांभाळली. वडिलांच्या जवळ निदान कारण होतं.

डेलिया काय म्हणाली असती हे त्याला ठाऊक होतं. ती म्हणाली असती, टांग. तिला न्यायनिवाड्यात रस नव्हता. घरातल्या माणसाचा फोटो बॅगेच्या तळाशी नसावा, एवढंच तिचं म्हणणं. पण हे डेलियावर ढकलणं बरं नाही, असंही त्याला वाटलं. फोटोतला बार्टली बाजूला बघत होता. तो लढतीआधी काढलेला आहे की नंतर, हे ठरवायचा कॉलमनने प्रयत्न केला. चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

शनिवारी त्याने फोन लावला. युनिसने उचलला.

"उद्या मी न्यायला येतो," कॉलमन म्हणाला. "पायरीवरचा बर्फ वितळायला मीठ टाकून ठेवीन, लवकर येऊन."

"ते कालच दाढी करून बसलेत," युनिस म्हणाली.

रविवारी हॉलमध्ये गर्दी बरी होती. कॉफी आणि डोनट मांडले होते. भिंत जवळजवळ भरली होती, जुन्या बॉक्सरांत मॅटीचाही तरुणपणीचा फोटो होता. जेरीने एकेक नाव पुकारलं. कुणाच्या काकाने काय केलं, कुणी कुणाला कितव्या फेरीत झोपवलं, हे सांगून झालं. लोक हसले, काहींनी साक्षीदाराला खोटारडा म्हटलं, मग टाळ्या दिल्या. बार्टली फोलनचं नाव पुकारल्यावर म्हाताऱ्या मंडळींनी आपापल्या कपात बघितलं.

मॅटी युनिसच्या आधाराने उठला आणि उभा राहिल्यावर त्याने तिचा हात सोडला. त्याने सगळं सांगितलं. डॅनचं, दोराचं, माळ्यावरच्या जागेचं, दोन फेऱ्यांचं. कॉनेमारामध्ये मयताच्या अंगणात काय करतात ते त्याने सांगितलं तेव्हा नोरा कॉनकॅनन मोठ्याने म्हणाली, "बरोबर आहे." कोरियाचं खोटं होतं हेही त्याने सांगितलं. तेव्हा मागे एक जण चुळबुळला, कारण त्याने या माणसाला आयुष्यभर सैनिक समजून बिअर पाजली होती.

कॉलमन भिंतीला पाठ लावून उभा होता. लोक त्याच्याकडे बघत होते. त्याने खाली बघितलं नाही.

"बरं," जेरीने घसा साफ केला. नेहमीसारखं थट्टेचं काही त्याला सुचेना. "साक्ष झाली. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती.

"मग पाटीवर काय घालू? नाव, लढत, निकाल, असं सगळ्यांचं आहे. पंचाने काय दिलं होतं?"

"काही दिलं नाही," मॅटी म्हणाला. "आईने सांगितलं, पंच दोर ओलांडून कोट घालून चालता झाला. कुणाचाच हात वर केला नाही."

"बरोबरी घाल की," मागून कुणीतरी समजुतीने म्हणालं. "मदतीच्या लढतीत बरोबरीच असते."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. असं केलं की सगळं नीट बसत होतं. जेरीने पेन उघडलं आणि कॉलमनकडे पाहिलं. कॉलमनला बोलायचं होतं, पण हे बोलणं आपलं नाही, हे त्याला कळत होतं. तो मॅटीकडे बघत राहिला.

"बरोबरी कसली?" मॅटी म्हणाला. "मी आडवा होतो. फोलन जिंकला असं लिही."

"मॅटी, बघ हं, तुला..."

"लिही म्हटलं ना. आणि डॅनचं नाव घाल त्यात. त्याच्यासाठी लढला तो."

जेरीने लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बार्टली फोलन, डॅन ट्वोमीच्या संध्याकाळी, मॅटी ट्वोमीविरुद्ध, दुसऱ्या फेरीत विजयी. टाळ्या वाजल्या नाहीत. नोरा कॉनकॅननने छातीवर क्रूस काढला.

"माझा फोटो कुठे लावलायस?" मॅटीने विचारलं.

"वरच्या ओळीत, खिडकीपाशी."

"मग याला दुसरीकडे लाव. शेजारी नको. एवढी मोठी भिंत आहे."

जेरीने दरवाजाजवळची खालच्या ओळीतली जागा दाखवली. कॉलमनने हो म्हटलं. त्याने फोटो भिंतीला टेकवून धरला, जेरी थोडा डावीकडे, थोडा वर, असं सांगत राहिला आणि मग त्याने खिळा ठोकला.

मॅटी ट्वोमी तोवर कॉफीच्या टेबलाकडे गेला होता. युनिसला तो विचारत होता, की साखरेचे डोनट संपले का. फोटो लागला तेव्हा तो बघायला आला नाही, आणि कॉलमनने त्याला बोलावलं नाही.